बर्फातल्या स्टेशनची फाईल

माझ्या शिफारशीने आजवर एकाही माणसाचं भलं झालेलं नाही.

हे मी विनयाने म्हणतोय असं समजू नका. विनय माझ्यात औषधालाही नाही, असं दीपा (म्हणजे माझी बायको) लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून सांगत आली आहे. मी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. वय त्रेचाळीस, मुक्काम मयूर विहार, आणि व्यसन एकच: जपानी व्हिज्युअल नॉव्हेल्स.

"म्हणजे काय?" असं तुम्ही विचारलंत, असं मी धरून चालतो. (प्रत्यक्षात कोणी विचारत नाही. मला सवय आहे.) कॉम्प्युटरवर वाचायची कादंबरी म्हणा. पडद्यावर चित्र, मागे संगीत, खाली मजकूर. क्लिक करत वाचत जायचं. मधेच गोष्ट थांबते आणि आपल्यालाच विचारते, "आता काय करू?" समोर दोन-तीन पर्याय येतात. आपण जो निवडू त्याप्रमाणे पुढची गोष्ट बदलते. चुकलं तर मागे जायचं, दुसरा पर्याय निवडायचा, आयुष्य पुन्हा सुरू! जपानी लोकांनी यात असं काही लिहून ठेवलंय की आपल्याकडचे साहित्यिक... जाऊ दे. दीपा म्हणते, या वाक्याला आलो की पाहुणे चपला शोधायला लागतात.

तर इंटरनेटवर अशा वाचकांचं एक मंडळ आहे आणि त्यातल्या 'नवख्यांनी कुठून सुरुवात करावी' या यादीचा सर्वेसर्वा मी आहे. नेमणूक माझी मीच केली. यादीच्या डोक्यावर तीन नियम आहेत. पहिला, नवख्याच्या गळ्यात एकदम चाळीस-पन्नास तासांचं काही बांधू नये. दुसरा, आधी माणूस ओळखावा, मग शिफारस करावी. तिसरा, शेवट सांगू नये, जीव गेला तरी सांगू नये.

हे तिन्ही नियम मी एकाच माणसावर मोडले, आणि तो माणूस म्हणजे माझे वडील.

त्याआधीचे बळी किरकोळ होते. साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या काळात दीपाला एक दिलं होतं. त्यात पहिले आठ तास शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारीच चालते. "लग्न मोडायचं असेल तर सरळ सांग ना यार," तिने फोन करून विचारलं, "हे टॉर्चर कशाला?" ऑफिसातल्या एका मॅडमना दुसरं दिलं. त्यांनी ते लंच अवरमध्ये, आवाज पूर्ण ठेवून, सेक्शनमध्येच उघडलं, आणि बारा टेबलांवरची माणसं एका जपानी मुलीची किंकाळी ऐकून ताडकन उभी राहिली. तेव्हापासून आमच्या सेक्शनला 'कार्टून सेक्शन' म्हणतात. पण यात कोणाचं फार वाकडं झालं नाही.

यंदा जानेवारीत आई गेली.

मंगळवार होता. छातीत दुखायला लागलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी ऑफिसात होतो, कामात होतो. (कोणत्या कामात, ते सांगेन. इतक्यात नाही.) फरीदाबादहून ताई आली, दिवस होईपर्यंत राहिली, रडली, गेली. पाहुणे आले, गेले. आणि बाबा बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसले, ते बसलेच.

बाबा अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर फायलींवर शेरे लिहिले, आणि घरातही तोच खाक्या. आईने "पडदे बदलू या का?" विचारलं की म्हणायचे, "प्रस्ताव सादर कर." आई खरंच कापडाचे दोन तुकडे हातात घेऊन समोर उभी राहायची. मग बाबा दोन्ही तुकडे निरखून म्हणायचे, "बघू." हा त्यांचा सगळ्यात आवडता निर्णय. 'बघू' म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे. फाईल टेबलावर आहे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडचे पडदे मी शाळेत असल्यापासूनचे आहेत.

पण त्या सगळ्याला निदान आवाज होता. आता नुसतं "हं." चहा घेता? हं. पंखा लावू? हं. समोरच्या पुलावरून मेट्रो जायची, बाबा तिच्याकडे बघायचे. ती गेली की रिकाम्या पुलाकडे बघायचे.

शेजारचे भाटियाजी त्यांना पार्कातल्या हास्यक्लबात घेऊन गेले. वीस म्हातारे हात वर करून हा-हा-हा करत होते. बाबा वर्तुळात उभे राहिले आणि एकेकाकडे शांतपणे बघत राहिले. दहा मिनिटांत भाटियाजी त्यांना परत घेऊन आले. "बेटा, माफ करना," ते मला म्हणाले, "पूरे ग्रुप की हँसी बंद हो गई." ताईने फोनवर प्रवचनं पाठवली. बाबांनी फोन उपडा घातला.

"काही तरी कर, हेमंत," दीपा म्हणाली. "माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय."

तेव्हा मला ती बुद्धी झाली.

"बाबांना एक व्हिज्युअल नॉव्हेल देतो."

दीपाने पोळी तव्यावर तशीच सोडली. "त्यांची बायको गेलीये, हेमंत."

"म्हणूनच! उत्तम लेखन माणसाला धरून ठेवतं."

"त्यात कोणी मरत नाही ना?"

"दीपा, असं आहे, चांगल्या लेखनात..."

"मरतं की नाही?"

"तिसऱ्या भागात. बाबा तिथवर पोचणारच नाहीत."

पोळी करपली. मी तो शकुन मानला नाही.

त्याचं जपानी नाव आमच्या कोणाच्याच तोंडात बसत नाही, म्हणून घरात त्याला 'बर्फातलं स्टेशन' म्हणतात. उत्तरेकडचं एक गाव, सहा महिने बर्फ. छोट्या स्टेशनचा मास्तर, त्याची बायको, आणि लांब शहरात नोकरी करणारा मुलगा. बायकोला खोकला लागतो. निवड कधी बापाच्या वतीने करायची, कधी मुलाच्या. गाडी सोडून घरी जायचं की गाडी गेल्यावर? आईच्या पत्राला उत्तर आज लिहायचं की रविवारी? पंचेचाळीस तासांचा ऐवज! आठ वर्षांपूर्वी तो वाचून मी ढसाढसा रडलो होतो आणि दहापैकी साडेनऊ गुण दिले होते. (अर्धा गुण अक्षर बारीक म्हणून कापला.) ती बायको मरते. तुम्ही काहीही निवडा, मरतेच. लेखकाची करामतच ती आहे! वाटा शंभर, आणि प्रत्येक वाटेवर ती जाते. यादीत मी त्यापुढे दोनच शब्द लिहिलेत: 'अप्रतिम. निर्दय.' आणि असली वस्तू, महिन्याभरापूर्वी बायको गमावलेल्या बापासमोर, अक्षर मोठं करून, "बाबा, नुसतं क्लिक करत जा" असं सांगून मी ऑफिसला निघून गेलो.

पहिल्याच निवडीवर बाबा दोन दिवस अडले. 'गाडी वेळेवर सोडावी' की 'दोन मिनिटं थांबवावी'. मी संध्याकाळी येऊन बघावं तर पडद्यावर तीच गाडी, तीच वाफ.

"बाबा, काही तरी दाबा."

"हं."

मी निश्चिंत झालो. या वेगाने तिसरा भाग दिवाळीनंतर येईल! पण रिटायर्ड माणसाच्या हातात दिवसाचे किती तास मोकळे असतात, याचा हिशेब माझा चुकला. दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, मी चहा घेऊन बाल्कनीत गेलो, तर पडद्यावर रिकामं अंथरूण होतं. पायथ्याशी घडी घातलेली रजई. खिडकीबाहेर बर्फ. बाबांनी हळूच मान वळवली.

"हेमंत, हिला वाचवता येतं का?"

जानेवारीनंतरचं पहिलं अख्खं वाक्य! कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी! दीपा हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. दोघं माझ्याकडे बघत होते. बाबांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काही तरी हललं होतं. तिसरा नियम मला आठवला. मग मी तो मोडला, आणि तोही खोटं सांगून.

"येतं की," मी म्हणालो. "योग्य पर्याय निवडावे लागतात. जरा अवघड आहे, एवढंच."

"अस्सं," बाबा म्हणाले, आणि उठून दाढी करायला गेले.

त्या दुपारी त्यांनी पलंगाखालच्या ट्रंकेतून फाईल-कव्हर काढलं, त्याला टॅग ओवला आणि वर ठळक अक्षरात लिहिलं: 'विषय: स्टेशनमास्तरच्या पत्नीचे प्राण वाचविणेबाबत.' ऑफिसात जन्मभर इंग्रजीत लिहिणाऱ्या बाबांच्या घरगुती फायली मराठीत असतात. पानांना क्रमांक, परिच्छेदांना क्रमांक, समासात तारीख. संध्याकाळी फाईल माझ्या ताटाशेजारी हजर!

'परिच्छेद १४. मागील प्रयत्नात डॉक्टरांस दुसऱ्या दिवशी बोलाविले. पत्नी गुरुवारी मयत. या खेपेस त्याच दिवशी बोलाविले. पत्नी बुधवारी मयत. सबब, त्वरा करून लाभ झाल्याचे दिसत नाही. आदेशार्थ सादर.'

मी वरणभात कालवलेल्या हाताने काय आदेश देणार? डाव्या हाताने लिहायचो, 'पाहिले. चर्चा करावी.' आणि बाबा खरंच चर्चा करायचे! पोटभर जेवायचे, दोनदा भात घ्यायचे, बोलायचे. दीपाने त्या आठवड्यात माझ्यासाठी आपणहून साबुदाण्याचे वडे केले. ताईचा फोन आला, "हेम्या, जन्मात पहिल्यांदा काही कामाचं केलंस." मी इतका चढलो की यादीत 'बर्फातलं स्टेशन'पुढे आणखी दोन शब्द घातले: 'ज्येष्ठांसाठीही उपयुक्त.'

मग भाटियाजी सामील झाले. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला खुसखुशीत मठरीचा डबा घेऊन हजर. बाबा क्लिक करायचे, भाटियाजी सल्ला द्यायचे.

"पाटणकर साहब, भाभीजी को शहर ले चलिए! बड़े अस्पताल!"

भाभीजी! माझ्या आईलाही ते याच नावाने हाक मारायचे. बाबांनी तो पर्याय निवडला. भाभीजी शहराच्या गाडीतच गेल्या, बोगदा ओलांडण्याआधी. भाटियाजी डबा उघडा टाकून रडत घरी निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी दहाला परत आले. "आज बच जाएँगी," म्हणाले, "मैंने सपने में देखा है."

एप्रिल आला, कूलर लागले. बाहेर डांबर वितळत होतं आणि आमच्या बाल्कनीत बर्फ पडतच होतं. फाईल जाड झाली, तिचा दुसरा खंड निघाला. आणि बाबा बारीक व्हायला लागले. जेवायला हाक मारली की "एवढा एक प्रयत्न होऊ दे." परिच्छेद तोकडे होत चालले. 'परि. ८७. मयत.' 'परि. ८८. मयत.' एकदा मी हळूच डोकावलो तर त्यांनी एक परिच्छेद खोडला होता. खाली वाचता येत होतं: 'चूक माझीच.'

एक दिवस दीपाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आज ते पडद्याची माफी मागत होते. 'पुन्हा चुकलं गं' म्हणाले. हेमंत, तो वाचायचा रस्ता कुठला आहे ते सांगून टाक त्यांना. तुझे नियम गेले खड्ड्यात!"

"सांगता येत नाही."

"का?"

"रस्ताच नाहीये."

दीपा स्टुलावर बसली. मग म्हणाली, "म्हणजे महिनाभर ते रोज सकाळी उठून, दाढी करून, तिला मारतायत?"

मी गॅस बारीक केला.

"आजच्या आज सांग."

"बघू," मी म्हणालो. (शेवटी मुलगा कोणाचा!)

माझं 'बघू' चालू असताना बाबांनी थेट लेखकालाच पत्र लिहिलं. साफ इंग्रजीत, तीन परिच्छेद, सोबत तपासलेल्या पर्यायांचं परिशिष्ट. कोणत्या पर्यायाने पत्नी वाचते याचा कृपया खुलासा व्हावा. "ईमेल कर," म्हणाले. मी पत्र बॅगेत ठेवलं आणि ते बॅगेतच राहिलं. आठवड्याने स्मरणपत्र आलं. मग दुसरं. तिसऱ्या स्मरणपत्राच्या खाली लिहिलं होतं: 'प्रत: जपानी वकिलात, नवी दिल्ली.'

"ही प्रत मी सोमवारी स्वतः नेऊन देतो," बाबा म्हणाले. "मेट्रोने जातो."

झालं! माझे वडील, टोपी घालून, दोन खंडांची फाईल काखेत मारून, एका काल्पनिक बाईच्या जीवासाठी वकिलातीच्या दारात उभे आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि माझं डोकं चालेनासं झालं. शुक्रवारी लंच अवरमध्ये मी लेखकाच्या वतीने उत्तर लिहिलं. कोपऱ्यात फुलांची एक डहाळी छापली, चांगल्या कागदावर प्रिंट काढली, आणि रविवारी सकाळी "ईमेल आलं बरं का!" म्हणून बाबांच्या हातात ठेवली. थोडा वेळ विकत घ्यायचा, मग सावकाश खरं सांगायचं, असा माझा बेत होता.

बाबांनी चष्मा लावला. एकदा वाचलं. पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं.

"बस," म्हणाले.

मी बसलो.

"'आय ॲम डायरेक्टेड टू रेफर टू युवर लेटर.' याला कोणी डायरेक्ट केलं? लेखक आहे ना हा? याच्यावर साहेब कोण आहे?"

"तिकडे पद्धत असेल."

"'द मॅटर इज अंडर ॲक्टिव्ह कन्सिडरेशन.' बाई जगते की मरते, हे त्याच्या विचाराधीन आहे? गोष्ट त्यानेच लिहिली ना?"

मी चहाच्या कपात बघितलं.

"आणि हे खाली काय? 'कॉपी टू: गार्ड फाईल.'" बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जपानमध्ये गार्ड फाईल असते, हेमंत?"

अठरा वर्षांची नोकरी हो! नुसत्या संदर्भासाठी प्रती साठवायच्या त्या सरकारी गार्ड फाईलला प्रत टाकल्याशिवाय माझा हात कागदावरून उठतच नाही!

दीपा दाराशी येऊन उभी राहिली होती. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"रस्ता नाहीये ना?"

"नाही, बाबा."

"एकही?"

"एकही नाही. त्याने ठेवलाच नाही."

"मग खोटं का सांगितलंस?"

"तुम्ही बोललात म्हणून," मी म्हणालो. "तुम्ही कितीतरी दिवसांनी बोललात. मला वाटलं, नाही म्हटलं तर पुन्हा बोलायचे नाहीत."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पुलाकडे बघत बसले. एक मेट्रो गेली, मग उलट दिशेने दुसरी गेली.

"त्या मंगळवारी," ते म्हणाले, "सकाळी ती माझ्यापाशी आली. म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं होतंय. मी सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स तपासत होतो. म्हटलं, जेवण झाल्यावर बघू." ते थांबले. "बघू म्हटलं रे मी."

दीपाने तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली. मला बाबांचा हात धरायचा होता, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही.

"मग ती आत गेली," बाबा म्हणाले. "आतून तिने फोन केला. नंतर मी तिचा फोन बघितला. सगळ्यात वर तुझं नाव होतं. दोनदा."

मी हातातला कप खाली ठेवला.

"तो फोन मी ताईच्या हाती लागू दिला नाही. माझ्या कपाटात आहे, पेन्शनच्या कागदांखाली."

तर आता सांगतो, मी त्या दिवशी कोणत्या कामात होतो ते. सकाळचे अकरा वाजले होते आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी नवख्यांची यादी सुधारत होतो. 'बर्फातलं स्टेशन' तिसऱ्या क्रमांकावर ठेवायचं की दुसऱ्या, यावर मंडळातल्या एकाशी माझा वाद पेटला होता. फोन थरथरला, 'आई' असं दिसलं, मी तो उपडा घातला. पुन्हा थरथरला. वाद मी जिंकलो.

हे मी त्या सकाळी बाबांना सांगितलं, शब्दन् शब्द. दीपाला, ताईला, सगळ्यांना मी 'मीटिंगमध्ये होतो' असं सांगितलं होतं. खोटं सांगायची माझी सुरुवात जपानी लेखकापासून झालेली नव्हती.

"मला एवढंच बघायचं होतं," बाबा म्हणाले, "मास्तराने नाही तर मुलाने, दोघांतल्या एकाने जरी वेळेवर काही केलं असतं, तर? डॉक्टरांना विचारलं होतं मी. ते म्हणाले, सांगता येत नाही. म्हटलं, इथे तरी कोणी सांगेल."

मग आम्ही रडलो. नीट, मोठ्याने, नाकं वाहेपर्यंत. आणि घड्याळात दहाचा ठोका पडला, आणि भाटियाजी मठरीचा डबा घेऊन आत आले. तिघांची तोंडं बघून दारातच थबकले.

"भाभीजी बच गईं क्या?"

"नहीं," बाबा म्हणाले. "बैठिए."

दुपारी बाबांनी फाईल उघडली आणि शेवटची नोंद लिहिली. 'सर्व पर्याय तपासले. पत्नी कोणत्याही मार्गाने वाचत नाही. स्टेशनमास्तर व मुलगा, दोघांकडूनही दिरंगाई झाली. पुढील कार्यवाही शक्य नाही. फाईल बंद करावी.' खाली सही केली आणि फाईल माझ्याकडे सरकवली. माझा हात सवयीने 'पाहिले, चर्चा करावी' लिहायला गेला. मी तो आवरला. 'मान्य' लिहिलं आणि सही केली. टॅगची गाठ बाबांनी स्वतः मारली, दुहेरी.

पंधरा दिवस ते पुन्हा पुलाकडे बघत बसले. पण जेवत होते, आणि 'हं'च्या पुढे-मागे दोन शब्द असायचे. मग एका सकाळी म्हणाले, "दुसरं काही आहे का रे तुझ्याकडे? त्यात कोणी मरायला नको."

मी यादी उघडली. पंधरा वर्षांची मेहनत! पहिल्या क्रमांकावर भाऊ मरतो. तिसऱ्यात अख्खं गाव. पाचव्यात नायिका आधीच मेलेली असते, हे शेवटी कळतं. 'विनोदी' या सदरात आजोबा जातात, फक्त हसत जातात. इतकी वर्षं 'उत्तम लेखन, उत्तम लेखन' म्हणून मी लोकांना काय वाटत होतो, हे मला त्या दिवशी कळलं! शेवटी 'हलकंफुलकं'मध्ये एक सापडलं. एक म्हातारा, त्याचं चहाचं दुकान आणि एक मांजर. भांडण नाही, आजार नाही. मी खुशीत लावून दिलं.

तिसऱ्या दिवशी बाल्कनीतून हाक आली. "हेमंत, हे मांजर सकाळपासून खात नाहीये. वाचतं ना?"

दीपाने माझ्याकडे असं बघितलं की मला मांजराच्या आधी मरावंसं वाटलं. विसरलो होतो हो! साफ विसरलो होतो!

"नाही, बाबा," मी म्हणालो. "सातव्या भागात जातं. काहीही केलं तरी जातं."

बाबांनी मान डोलावली. पडद्यावर दोन पर्याय होते: 'आत्ता डॉक्टरकडे न्यावं' आणि 'दुकान बंद झाल्यावर बघू'. या माणसाने आयुष्यात टिपण लिहिल्याशिवाय साधा पडदा बदललेला नाही. फाईल नाही, पेन्सिल नाही, चष्मासुद्धा कपाळावर. त्यांनी पहिल्यावर क्लिक केलं.

"जाऊ दे ना मग," ते म्हणाले. "आपण न्यायचं."

माझी यादी अजून चालू आहे. 'ज्येष्ठांसाठीही उपयुक्त' खोडलं, मांजराला 'हलकंफुलकं'मधून हलवलं, आणि डोक्यावर चौथा नियम घातला: यादी करत बसला असाल आणि आईचा फोन वाजला, तर उचला. त्याखाली मंडळातल्या एकाने लगेच लिहिलंय, 'हे विषयाला सोडून आहे.' हा तोच, दुसऱ्या क्रमांकाच्या वादातला. या वेळी मी त्याच्याशी वाद घातलेला नाही.